सुईदोरा यंदा बोललाच नाही

९ एप्रिल

ताई,

आपल्या रानात यंदा सुईदोरा नाही, हे आता कागदावर पक्कं झालं. पाहणी कार्यालयातल्या बाईंनी काल दुपारी स्वतः फोन करून सांगितलं. "दोन्ही सह्या मिळाल्या, शून्य धरलं," म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटलं असावं, पण कार्यालयातली माणसं वाईट वाटून घेतात आणि पुढचा कागद उचलतात.

पुढचा कागद खाणीचा आहे. तुझ्या अंगणाच्या कुंपणापर्यंत खाण वाढवायचा अर्ज इतके दिवस अडला होता तो या एका पाखरामुळे. बोटभर जीव, मातीचा रंग, उन्हाळ्यात काटेरी झुडपात बसला की समोर असून दिसत नाही. पुस्तकात त्याला लांबलचक नाव आहे. आपल्या अण्णांनी त्याला सुईदोरा म्हटलं, कारण आवाज सुईतून दोरा ओढल्यासारखा बारीक. तो कळतो तो फक्त कानाला, आणि तोही भर उन्हाळ्यात, बाकीची पाखरं चोची वासून सावलीला बसतात तेव्हा. आता तो नाहीच म्हटल्यावर अर्ज कशाला अडेल? मेच्या मध्यावर मोजणीदार खुंट्या ठोकायला येतील, असं बाई म्हणतात.

मला चैन पडत नाहीये. अण्णांनी घालून दिलेला गणतीचा नियम तुला मी काय सांगणार? सपाट दगडावर दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं, आवाज आला की ज्याने त्याने आपल्या डबीत खडा टाकायचा, शेवटी खडे ताडून बघायचे. यंदा दगडावर एकच पाठ होती. माझा खुबा बदलला म्हणून मी तिसऱ्या मजल्यावर वॉकर धरून येरझाऱ्या घालतोय. पाण्याच्या टँकरवाल्याबरोबर तू कागद पाठवलास आणि मी बसल्या जागी सही ठोकली. ताईचा कान म्हणजे सोनाराचा काटा, त्यात मी काय बघायचं? जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली, न वाचता एका पानावर सही केली नाही. आणि इथे केली.

तुझी खात्री आहे ना? एवढं एकदा लिही. आणि खाण कुंपणाला आल्यावर तू तिथे एकटी काय करणार, याचाही विचार कर. इकडे मागची खोली रिकामी आहे.

चिमण्या

---

१३ एप्रिल

चिमण्या,

सत्तरीला टेकलास तरी एका पत्रात चार काळज्या कोंबायची सवय गेली नाही.

खात्री आहे. तीन दुपारी त्या दगडावर बसले. दगड असा तापलेला की खाली गोधडी घालूनही चटका. होला घुमत होता, भारद्वाज ओढ्याकडून हुंकारत होता, पलीकडच्या उतारावर तित्तर भांडत होते. खाणीतला सुरुंग तर पोटात ऐकू येतो. सगळं ऐकलं. सुईदोरा नाही. डबी उघडली ती रिकामी, बंद केली ती रिकामी. गेल्या तीन वर्षांत खडे कमी कमी होत चालले होतेच. मी तेव्हापासून सांगतेय की सुरुंगांनी पाखरू पळतंय, पण माझं ऐकतो कोण.

तुला वाटतं मला सोपं गेलं? शून्य लिहिताना हात थांबला. पण नाही ते नाही. खाणीला अडवायला खोटे खडे टाकले असते तर अण्णांनी वरून कान उपटला असता.

तेव्हापासून घरात बसवत नाही. उगीच उठते, टोपी घालते, रानात एक फेरी मारते, परत येते, पाणी पिते, पुन्हा टोपी शोधते. सामसूम आहे रे. तू लहान होतास तेव्हा तुला सुईदोरा काही केल्या ऐकू येत नसे. मी समोर बसायचे आणि तो बोलला की बोट वर करायचे. "आत्ता. हा बघ, आत्ता." तू माझ्या बोटाकडे बघत बसायचास, आणि उन्हाळा संपता संपता तुझा कान उघडला. यंदा बोट वर करायला कारणच नाही.

फोन का उचलत नाहीस, असं टँकरवाल्याकडून विचारलंस. तुमचा फोन बिघडलाय. तू पुटपुटतोस आणि तुझी पोरगी तर तोंडात गुळणी धरल्यासारखी बोलते. पत्र बरं. सगळीच यंत्रं माझ्यावर रुसलीत म्हण. परवा कुकरची शिट्टी झाली नाही, डाळ खाली लागून कोळसा झाला. शिट्टी बिघडलेली. येणाऱ्या माणसाबरोबर नवी पाठव.

मागची खोली तुझ्या जुन्या प्रुफांना लखलाभ.

ताई

---

२० एप्रिल

ताई,

शिट्टी पाठवतोय. माणूसही पाठवतोय: पोरगीच येतेय, शुक्रवारी टँकरमधून. शाळेच्या परीक्षा संपल्या, तिला चार दिवस मोकळे आहेत. मीच यायला निघालो होतो, पण व्यायामाची बाई म्हणाली, "काका, आधी जिना उतरून दाखवा, मग रानाचं बघू." अर्धा जिना उतरलो. वर यायला शेजाऱ्याला हाक मारावी लागली. बायको अजून हसतेय.

पोरीला दगडावर ने. तिला सुईदोरा ऐकून माहीत नाही, पण मी शीळ घालून दाखवायचो ती तिला येते.

चिमण्या

---

२७ एप्रिल

चिमण्या,

पोरगी येऊन गेली. बरं वाटलं. घर झाडलं, माझ्या चष्म्याची काडी बसवून दिली, पाण्याच्या टाकीचं झाकण दुरुस्त केलं. मास्तरीण झाली तरी बोलण्यात जोर नाही. मी म्हटलं, वर्गात पोरं ऐकतात का तुझं? तर म्हणाली, "आत्या, तिथे मी याहून हळू बोलते." म्हणजे बघ.

पण एक गोष्ट मला खटकली. शनिवारी दुपारी मी चहा गाळत होते आणि तिला सांगत होते की ही अशी सामसूम या रानात मी कधी पाहिली नाही. ती खिडकीशी गेली आणि मला म्हणाली, "आत्या, जरा गप्प बस." मी गप्प बसले. मग पुन्हा तेच. हातात फोन धरून नुसती उभी. विचारलं काय झालं, तर म्हणे काही नाही, ऊन किती आहे ते बघत होते. खिडकीतून ऊन बघायला फोन लागतो हे मला नवीन होतं. त्यानंतर तिचा चेहरा उतरला तो उतरलाच. चार दिवस राहायची होती ती दुसऱ्याच दिवशी टँकरला निघाली. दगडावर नेते म्हटलं तर पाय दुखतात म्हणाली.

जाताना मिठी मारली आणि बराच वेळ सोडेचना. मी काय मरायला टेकलेय?

खरं सांग, तुम्ही दोघांनी मला तिकडे न्यायचा घाट घातलाय आणि ती पाहणी करायला आली होती. होय ना? तसं असेल तर स्पष्ट लिही, आडून आडून नको.

आणि तू पाठवलेली शिट्टीही टाकाऊ निघाली. दुकानदाराने तुला बनवलं.

ताई

---

३० एप्रिल

ताई,

घाट वगैरे काही नाही. पोरीचं म्हणशील तर तिला ऊन बाधलं असेल.

माझं एक काम कर. तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर कुंपणालगत ते पसरट काटेरी झुडूप आहे ना, अण्णा ज्यावर पंचा वाळत घालायचे, त्याच्यासमोर एक दुपार बसून बघ. ऐकू नको, नुसतं बघ. दुर्बीण घे. का ते विचारू नकोस. मला सांगता येत नाहीये, आणि पत्रात तर मुळीच नाही. पण लवकर कर. खुंट्यांची तारीख ठरली आहे, सोमवार, १७ मे.

शिट्टीबद्दल: एकदा टँकरवाला आला असताना कुकर लावून बघ.

चिमण्या

---

३ मे

चिमण्या,

कुकर लावला. टँकरवाला अंगणात पाइप जोडत होता. मी ओट्याशी उभी. थोड्या वेळाने तो दारात येऊन म्हणाला, "बाई, आता बंद करा की, किती शिट्ट्या काढताय? दगड शिजवताय का?"

म्हणजे हे होतं तुझ्या मनात. मी बहिरी झाले असं तुला म्हणायचं आहे, आणि ते स्वतः म्हणायची हिंमत नाही म्हणून टँकरवाल्याच्या तोंडून वदवलंस.

ऐक. मी पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. नुसत्या 'हॅलो'वरून कोणत्या गल्लीतून कोण बोलतंय ते सांगायचे. साहेबाची सर्दी मला त्याच्या डॉक्टरआधी कळायची. टँकर ओढ्यापाशी वळला की मला इथे कळतं. होल्याची जोडी कोणत्या झाडावर आहे ते डोळे मिटून दाखवते. बहिरं माणूस असं असतं का? एका कुकरच्या शिट्टीवरून तू माझा कान काढून घ्यायला निघालास.

मान्य आहे की तुला सहीचा पश्चात्ताप होतोय. मग तसं म्हण. माझ्या कानावर कशाला घसरतोस?

झुडपासमोर वगैरे मी बसणार नाही. जे ऐकू येत नाही ते तिथे नाही. आपण असंच मोजत आलोय.

ताई

---

५ मे

चिमण्या,

परवाच्या पत्राला उत्तर लिहू नकोस. हे आधी वाच. टँकरवाला आज पुन्हा यायचा आहे, म्हणून घाईने लिहितेय. अक्षर बघून कळेलच.

काल रागाच्या भरात सबंध सकाळ घर आवरलं. आवरलेलं पुन्हा आवरलं. दुपारी जेवण गेलं नाही. म्हटलं, चल, त्या झुडपासमोर बसून दाखवते चिमण्याला, म्हणजे तोंड बंद होईल. स्टूल घेतलं, टोपी घातली, दुर्बीण गळ्यात. वारा असा की भट्टीचं दार उघडावं. झुडपावर पान नाही, नुसते काटे आणि त्यांच्या सावल्या. बराच वेळ काही नाही. मी उठणारच होते.

मग एक सावली हलली, आणि ती सावली नव्हती.

सुईदोरा होता रे. इतका जवळ की दुर्बिणीत मावेना. मी दुर्बीण खाली केली. वरच्या काडीवर आला, अंग फुलवलं, शेपटी ताठ केली आणि चोच उघडली. गळा फुगला. छाती थरथरत होती. चोच उघडली, मिटली, उघडली, मिटली, आतली पिवळी कड दिसली. आणि आवाज नाही. अजिबात नाही. काचेपलीकडून कोणी बोलावं तसा.

तुला हसू येईल, पण मला आधी वाटलं पाखरूच मुकं झालंय. बिचारं आजारी आहे, असं मनात म्हणालेसुद्धा. तेवढ्यात मागच्या झुडपातून दुसरा बाहेर आला, आणि या पहिल्याने चोच मिटून मान तिकडे वळवली. ज्याने हाक ऐकली तोच तसा वळतो. त्या दोघांना एकमेकांचं ऐकू येत होतं. त्या अंगणात ऐकू न येणारी एकटी मीच होते.

होला मागे घुमतच होता. तो येतो ऐकू. हीच तर फसगत. सगळंच गेलं असतं तर कळलं असतं. वरचं वरचं गेलं, दुधावरची साय काढल्यासारखं, आणि खालचं दूध बघून मी म्हणत राहिले की भांडं भरलेलं आहे.

खिडकीत पोरगी का उभी होती ते आता कळलं. तिला सांग, आत्या रागावलेली नाही.

ताई

---

८ मे

ताई,

तुझं पत्र बायकोने मोठ्याने वाचायला घेतलं आणि मधेच माझ्या हातात दिलं.

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून सांगतो. पोरीने फोनवर आवाज उतरवून आणला होता. त्यात कपबशीचा आवाज आहे, तू म्हणतेस, "बघ, कशी सामसूम आहे", आणि तुझ्या वाक्याच्या आधी, मधे, नंतर सुईदोरा बोलतोय. एक नाही, निदान दोन. मी ते इतक्यांदा ऐकलं की बायको म्हणाली, आता फोन द्या नाहीतर मी माहेरी जाते. म्हटलं, मीही माहेरचंच ऐकतोय. तुला लिहायला बसलो की हात थांबायचा. म्हणून ती झुडपाची युक्ती काढली. कुकरची जरा हलकटपणाची होती.

आता कामाचं. खुंट्या थांबवायच्या तर शून्य रद्द व्हायला हवं. माझ्याकडे साधा उपाय आहे. मी कार्यालयाला लिहितो की दुसरी सही माझी आहे, आणि मी दगडावर गेलोच नव्हतो. नियमाने दोन पाठी लागतात, एकच होती, म्हणून गणती बाद. चूक माझी, आणि ती खरीच माझी आहे. तुझ्या कानाचा त्यात उल्लेखही नको. एवढी वर्षं त्या कार्यालयात तुझं नाव घेतात ते कानासाठी. तेवढं राहू दे.

छापखान्यात म्हणायचे, आपल्या हातची चूक आपल्या डोळ्याला दिसत नाही, म्हणून दुसरा माणूस ठेवायचा. दुसरा माणूस मी होतो. तेव्हा भोगू दे मला.

होकार कळव, पत्र लिहून तयार आहे.

चिमण्या

---

१२ मे

चिमण्या,

तुझं पत्र फाडून टाक. मी माझं आधीच पाठवलं.

तू शहाणा आहेस, पण तुझ्या उपायाला भोक आहे. तुझी सही बाद झाली तर दुसरा कोणीतरी माझ्याशेजारी बसवतील. त्याला सुईदोरा कुठला कळायला? तो माझ्याकडे बघेल, मी मान हलवीन, आणि पुन्हा शून्य. माझं शून्य उभं आहे तोवर खाण थांबत नाही. म्हणून लिहिलं की मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, केव्हापासून ते सांगता येत नाही, तेव्हा गेल्या तीन वर्षांचे माझे आकडेही धरू नयेत. लिहिताना त्या तीन वर्षांचं हसू आलं; तुझे खडे जास्त निघाले की तुला भास होतात म्हणून माझाच आकडा लिहायला लावायचे. सुरुंगांनी पाखरू उतरणीला लागलंय म्हणून मी सभेत केवढी तावातावाने बोलले होते. उतरणीला दुसरंच काही लागलं होतं.

पत्र पोचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पाहणीवाल्या बाई स्वतः आल्या. चुणचुणीत आहेत, उन्हाने नाकाची साल निघालेली. अंगणात उभ्या राहिल्या, डोळे मिटले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. बऱ्याच वेळाने डोळे उघडले आणि माझ्याकडे वळून, ओठ नीट हलवत म्हणाल्या, "आहे." मग म्हणाल्या, "पण माझा एकटीचा कान चालणार नाही. आणि याच्यासारखा आवाज असलेलं आणखी एक पाखरू आहे, त्यात गफलत व्हायला नको. दुसरं कोण आहे जाणतं?"

मी म्हटलं, आहे एक. लहानपणी ढ होता, मीच शिकवला. आता तिसऱ्या मजल्यावर कुजतोय.

तेव्हा आता तुझी पाळी. फेरगणती रविवारी, सोळाला. मोजणीदार सोमवारी यायचे आहेत. बाई म्हणाल्या, रविवारी दोघांच्या डब्यांत खडे जुळले तर संध्याकाळीच कळवतील आणि खुंट्या गाडीतच राहतील. पुढची तारीख मागून चालणार नाही. कुंपणालगतच्या जोडीने घरटं बांधायला घेतलंय, चोचीत कापूस नेताना मी पाहिला. घरटं झालं की ते बोलायचे थांबतात, हे तुला माहीत आहे. रविवारी बोलतील की नाही, हे मी सांगू शकत नाही. नुसतं बघून मोजता आलं असतं तर आजच मोजून दिले असते, पण नियम अण्णांचा आहे आणि तो मी मोडणार नाही.

जिना कसा उतरायचा ते व्यायामाच्या बाईला विचार, नाहीतर शेजाऱ्याला. टँकरवाल्याशी बोलले आहे. पुढची सीट तो मागे सरकवून ठेवणार आहे, आणि म्हणतो, साहेबांना पोत्यासारखं उचलून ठेवीन. दगडापर्यंत खुर्ची मी सकाळीच नेऊन ठेवीन. पोरीला बरोबर आण. येताना ती कानाच्या डॉक्टरचा पत्ता आणणार असेल तर आणू दे, मी नाही म्हणणार नाही. मागच्या खोलीबद्दल मात्र अजून नाहीच म्हणतेय.

या वेळी पाठीला पाठ लावायची ती तू आणि बाईंनी. मी तुझ्यासमोर बसणार आहे, खाली, झुडपाच्या सावलीत. बाईंची पाठ तुझ्याकडे असेल, त्यांना काही दिसणार नाही, म्हणजे नियमही मोडत नाही. डबीत खडा टाकायचा तो टाक, पण त्याआधी माझ्यासाठी बोट वर कर. लहानपणी मी करायचे तसं, नीट, सरळ. लाजत अर्धं वर करू नकोस.

टँकर पहाटेच निघतो. खाली उभा राहा.

ताई